पंधरा पावलं

३ मार्च

बारक्या,

तीन वेळा भेटायला आले. तिन्ही वेळा दारावरचा शिपाई आत जाऊन आला आणि मान हलवली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, त्याला सांग सख्खी बहीण आलीय. तर म्हणाला, "बाई, तेच सांगितलं, म्हणूनच नाही म्हणतोय." ठीक आहे. नको भेटूस. चौथीपर्यंत शिकलेय, पत्र लिहिता येतं. अक्षर वाकडं आहे, वाचून घे. हे आधी तिथले लोक वाचतात म्हणे. वाचू देत, त्यांनाही काम पाहिजे.

कोर्टातून तुझी बॅग परत आली. सही करून घेतली. आत कॅमेरा, तीन लेन्स, चार्जर, दोन बॅटऱ्या आणि तुझा मळका रुमाल. कार्ड नाही. कॅमेरा लावून उंच धरायची ती घडीची दांडी नाही. दांडी त्यांच्याकडेच राहणार म्हणाले, कारण मुकादमाला तिनेच मारलं असं निकालात आहे.

गेटवरच्या मारामारीनंतर तिसऱ्या दिवशी मुकादम मेला. कानाच्या वर खड्डा. डॉक्टर म्हणाला, जड, गोल टोकाची वस्तू. दांडीचं टोक गोल. दांडीवर रक्त नव्हतं, तर म्हणाले पुसलं असेल. आणि तू कोर्टात काय सांगितलंस? गर्दीत कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून वर धरली होती. लोक हसले. मला हसू नाही आलं, राग आला. समोर तुझ्या स्टुडिओवाल्याने खिडकीतून काढलेला तो फोटो टेबलाएवढा मोठा करून लावलेला, आणि तू असलं बोलतोस!

सरकारी वकिलाने मला विचारलं, हा तुमचा भाऊ का? म्हटलं हो. हात त्याचाच? हो. काय करतोय? आता दांडीचं टोक मुकादमाच्या कानाला टेकलेलं सगळ्या कोर्टाला दिसतंय, मी काय सांगू, कान खाजवतोय म्हणून? म्हटलं, मारतोय. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवसापासून बोलत नाहीस.

मी त्या गेटवर होते, मी पाहिलं, मी बोलले. फोटो काय खोटं बोलतो?

सात वर्षांतलं एक गेलं. वकील म्हणतो अपील करता येतं, पण हातात नवीन काहीतरी पाहिजे. नवीन कुठून आणू? तू तिथे कॅमेरा घेऊन कशाला आलास? मीच बोलावलं होतं, मान्य. लांब वेणीच्या पोरीचा हात आदल्या दिवशी यार्डातल्या भंगार दाबायच्या प्रेसने खाल्ला होता. मालकाने प्रेसची जाळी काढून ठेवलेली, जाळीने काम हळू होतं म्हणून. ती जाळी परत बसवायच्या आत त्याचा फोटो पाहिजे होता. पण फोटो काढून निघून जायचं ना. थांबलास कशाला मारामारी बघत?

बॅग काय करू ते कळव. नाही कळवलंस तर कॅमेऱ्यासकट प्रेसमध्ये घालते. जाळी आता बसवलीय, पण कॅमेरा मावेल एवढी जागा आहे.

ताई


१९ मार्च

बारक्या,

घातला नाही. रागाने बॅग उचलली आणि यार्डात नेली, एवढं खरं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर काढला तर एवढासा. तळहातात बसतो. मला वाटायचं चांगला कॅमेरा म्हणजे विटेसारखा जड, वर टोपी असलेला. हा काळ्या साबणाच्या डबीसारखा. आमच्या कामाच्या डगल्याच्या खिशात जातो. बटण दाबलं, चालू झाला. दुसरं दाबलं, माझ्या गुडघ्याचा फोटो निघाला. पन्नास वर्षांचा गुडघा बारक्या, त्यावरची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक ओरखडा, गंजाची पूडसुद्धा. मी घाबरलेच.

मग कार्ड आणलं. दुकानातल्या पोराने फुकटची शिकवणी दिली. म्हणाला, "मावशी, याच्या आत आरसा नाही, म्हणून एवढा लहान. पण आतलं जे प्रकाश टिपणारं पान आहे ते मोठ्या कॅमेऱ्याएवढंच, फुल फ्रेम." मी म्हटलं, म्हणजे दिसायला लहान आणि आत पोट मोठं, आमच्या मालकासारखं. तो हसला आणि मग जास्त सांगितलं.

लेन्सना मी नावं ठेवलीत. चोवीस आकडा लिहिलेली ती बुटकी. पन्नासवाली मधली. दोनशेवाली लांबडी. बुटकीने कटरवाल्याच्या बायकोचा जवळून फोटो काढला. आमच्या भिंतीला भिंत लागून राहते ती, कटरवाली वहिनी, आठवते ना, तुझ्या भांगाची चेष्टा करायची. फोटोत तिचं नाक भोपळ्याएवढं आणि कान पार मागे, पळून चालल्यासारखे. म्हणाली, "हे मी नाही, हे माझ्या सासूचं नाक." चार दिवस झाले, कुणालाही सांगते की माझ्या हातात कॅमेरा दिसला की पळा.

मधली लेन्स मला आवडते. डोळ्याला दिसतं तसंच दाखवते, उगाच नखरे नाहीत. शेडच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे आम्ही पंप-पंख्यांच्या जुन्या मोटारी हातोडीने फोडून तांबं काढतो, तिथे दिवसाही अंधार. तिथे त्या लेन्सने लांब वेणीच्या पोरीचा फोटो काढला. हो, ती परत येते कामाला. डावा हात मनगटापासून नाही. उजव्या हाताने वायर सोलते, टोक दातात धरून. फोटोत तिचा चेहरा, दातातली तांब्याची तार आणि मागे सगळं काळं मऊ. फ्लॅश नाही, काही नाही. मी तो फोटो दिवसभर खिशात घेऊन फिरले, दहादा काढून पाहिला. मला असलं काही येईल असं मला कुणी सांगितलं असतं तर त्याच्या कानाखाली मारली असती.

लेन्सवर धूळ बसते फार. थुंकी लावून बाहीने पुसते, लख्ख होते.

मेमरीत शंभर फोटो झाले. तू चिडशील तर चीड. वस्तू पडून खराब होते.

ताई


८ एप्रिल

बारक्या,

तुझं कार्ड आलं. एका वर्षाने लिहिलंस आणि काय, तर "थुंकी लावू नकोस. लेन्सवर लेप असतो, जातो. बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात रबराचा फुगा आहे, त्याने हवा मार." बाकी एक अक्षर नाही. ना ताई, ना तुझा बारक्या.

मी ते कार्ड भिंतीला लावलंय.

फुगा सापडला. थुंकी बंद.

सकाळी कामावर जायच्या आधी अर्धा तास हिंडते. लांबडीला आता हात बसलाय. आधी सगळं हलायचं, मग कळलं की कोपर बरगडीला दाबायचं, श्वास सोडायचा आणि मग दाबायचं. हातोडी मारताना करतो तसंच. यार्डाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या कटरवाल्याच्या ठिणग्या धरते. ट्रकचा सांगाडा कापत असतो, ठिणग्या अंगावर येतात आणि मी तिथे नसतेच! केवढी मजा आहे यात. कुणाला धक्का लागत नाही, कुणाशी बोलावं लागत नाही, आणि त्याच्या भुवईवरचा घाम मोजता येतो.

कुत्र्यांची मारामारी धरली परवा. मटणाच्या दुकानामागे. एकाने दुसऱ्याचा कान फाडला, रक्त उडालेलं थेंब थेंब हवेत दिसतं. वहिनी म्हणाली, "शी, हे काय काढतेस, फुलं काढ." मी म्हटलं, फुलं कुठायत यार्डात? आणि खरं सांगू, मला ते बघवतं. तुला माहीतच आहे. आई गेल्यावर तुला मी वाढवलं ते मारूनच. जेवायला उशीर केलास की पळी, अभ्यास नाही केलास की पट्टी. एकदा तुझ्या कपाळातून रक्त आलं आणि मीच रडत बसले, तू मला पाणी आणून दिलंस. सहा वर्षांचा होतास.

नवा मुकादम बरा आहे, घाबरून असतो. आधीच्याचं काय झालं ते त्याला माहीत आहे. तो जुना गेटवर वेणीवाल्या पोरीच्या वेणीला धरून तिला ओढत होता, कालच हात गेलेल्या पोरीला, पट्टीतून रक्त गळत असताना, "कामावर नाही यायचं तर बाहेर मर" म्हणून. ते पाहून सगळ्यांचंच डोकं फिरलं. कुणाच्या हातात पाना, कुणाच्या हातात पाइप. कोण कुठे काय फेकत होतं याचा पत्ता नव्हता. मीही होते त्यात. एवढंच.

ताई


२ मे

बारक्या,

कटरवाल्याचं डोकं फुटलं. सात टाके. माझ्यामुळे.

लांबडीने रस्त्याचा फोटो काढला होता. आपल्या गल्लीच्या टोकावरून, लांबून. त्यात कटरवाला उभा आहे आणि चहावाली उभी आहे. चहावाली कोपऱ्यावरच्या तिच्या टपरीजवळ, कटरवाला अलीकडे नळापाशी. मधे कितीतरी अंतर. मी तिथे होते, मला माहीत आहे. पण फोटोत दोघं खांद्याला खांदा लावून. ती हसतेय, त्याचा हात तिच्या कमरेपाशी. खरं तर त्याचा हात बादलीकडे चाललेला, आणि ती हसत होती दुसऱ्याच गिऱ्हाइकाला.

मला तो फोटो आवडला, उजेड छान होता. वहिनी भांडी घासत होती, तिला दाखवला. ती उठली. हातात कढई होती. आत गेली. मला वाटलं कढई ठेवायला गेली.

आवाज आला तो धपकन, ओल्या पोत्यासारखा. मग दुसरा. मी धावले तर तो भिंतीला टेकून बसलेला, तोंडावर रक्त, आणि ती अजून हात वर करून. मी तिचं मनगट धरलं. तिने मला चावलं. हे बघ, अजून दातांचे वण आहेत, पत्रात दाखवता येत नाहीत.

"अगं ते लांब उभे होते!" मी ओरडले. "तीस पावलं असतील मधे! मी काढलाय ना फोटो, मला माहीत नाही?"

ती म्हणाली, "मग फोटोत जवळ कसे? फोटो खोटं बोलतो काय?"

बारक्या, माझा हात सुटला. तिने तिसऱ्यांदा मारली ती मला थांबवताच आली नाही.

दवाखान्यात टाके घालेपर्यंत मी बाहेर बाकावर बसले. तिला कसं समजावायचं ते सुचत नव्हतं. शेवटी दोघांना गल्लीत नेलं, नळापाशी त्याला उभं केलं डोक्याला पट्टी बांधलेला, आणि चहावालीला म्हटलं, बाई, तू टपरीपाशी उभी राहा, तुझी अब्रू वाचवायची आहे. मधे पावलं मोजली. अठ्ठावीस. मग वहिनीला टोकाला नेऊन कॅमेरा डोळ्याला लावला. ती बघत राहिली. कॅमेरा काढून बघे, लावून बघे. मग नवऱ्याकडे गेली आणि त्याच्या पाठीवर बुक्की मारून रडली. "बादली भरायला एवढा वेळ लागतो काय!"

तिचं मिटलं. माझं नाही मिटलं.

तुझा फोटो माझ्या डोक्यातून जात नाही.

ताई


११ मे

बारक्या,

नीट वाच आणि तिथल्या साहेबांनाही वाचू दे.

रविवारी यार्ड बंद होतं. मी गेटसमोर दोन पिंपं उभी केली, सारखी. एक मुकादम पडला त्या जागेवर, दुसरं मागे, तू कोर्टात सांगितलंस तिथे, दिव्याच्या खांबाशी. मधे पंधरा पावलं. मग रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेले, स्टुडिओच्या इमारतीपाशी. लांबडी लावली. पिंपं एकमेकांना चिकटली. दोन्हीत बोट शिरणार नाही. तिथून चालत पिंपांजवळ गेले, बुटकी लावली. पुढचं पिंप राक्षसाएवढं, मागचं डब्याएवढं. पिंपं तीच, जागा त्याच.

मग कोर्टातल्या फोटोची नक्कल वकिलाकडून आणली आणि बघत बसले. पाय दिसत नाहीत कुणाचे. डोकीच डोकी, म्हणून अंतर कळत नाही. आणि एक सांगते. मुकादम बुटका, तुझ्या कानाला लागायचा. फोटोत तो आणि तू सारख्या उंचीचे. तू वाकला नव्हतास, ताठ आहेस. मग बारीक कसा झालास? मागे होतास म्हणून. वर्षभर तो फोटो माझ्यासमोर होता. माझ्या भावाची उंची मला माहीत नाही का? आंधळी मी.

स्टुडिओवाल्याकडे गेले. दुसऱ्या मजल्यावर, तू तीन वर्षं राबलास त्याच खोलीत. ढगांचा पडदा लावून एका जोडप्याचा फोटो काढत होता. मी म्हटलं, तो फोटो कुठल्या लेन्सने काढलास? तो म्हणाला, "बाई, गिऱ्हाईक आहे, नंतर या." मी त्याची कॉलर धरली. ढगांवर आपटला. पडद्याची दांडी खाली आली, दिव्याची छत्री मोडली, जोडपं जिन्यातून पळालं. एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला. अंगात ताकद आहे माझ्या, दिवसाला चाळीस मोटारी फोडते.

"चारशेची," म्हणाला. "चारशे! सोडा!"

"मग तुला माहीत होतं ना, जवळ दिसतात पण जवळ नसतात?"

"ते लेन्समुळे नसतं," तो धापा टाकत मलाच शिकवायला लागला, "लांबून उभं राहिल्यामुळे असतं. लेन्स फक्त ओढून मोठं करते..."

"माहीत होतं का?"

"फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं!"

"मग कोर्टात का नाही बोललास?"

"मला विचारलं फोटो तुम्ही काढला का. मी म्हटलं हो. दुसरं कुणी काही विचारलंच नाही! तुम्ही तर गेटवर होतात, तुम्ही का नाही बोललात?"

तेव्हा मी त्याला सोडलं.

खिडकीतून गेटपर्यंत आम्ही दोघांनी मोजलं. एकशे साठ पावलं. तो लिहून द्यायला तयार आहे. अजून चांगला घाबरलेला आहे तोवर घ्यायला हवं. वकील म्हणाला, हे नवीन आहे, यावर अपील उभं राहील. बारक्या, तू सुटशील. तुझी दांडी त्याच्यापर्यंत पोहोचूच शकत नव्हती.

त्याच्याकडे त्या दिवसाचे अजून फोटो आहेत. मालकाने आणि पोलिसांनी एकच मागितला, बाकी पडून आहेत. एक त्याच्या लगेच पुढचा आहे. तो काही कामाचा नाही.

मारलं कुणी ते मग पोलीस शोधतील. गर्दी होती.

ताई


२३ मे

बारक्या,

दुसरं कार्ड आलं तुझं. "ताई, अपिलाचं राहू दे. मला इथे सवय झालीय. पाच-सहा वर्षं काय, जातील. खोदत बसू नकोस. फोटो काढ."

मी ते सात-आठ वेळा वाचलं. निर्दोष माणूस असं लिहील का? खोदत बसू नकोस. तुझं तोंड गेटकडे होतं. तू उंच आहेस. तू पाहिलंस.

तू पाहिलंस आणि एक वर्ष गप्प बसलास, आणि मी कोर्टात उभी राहून तुझ्याकडे बोट दाखवलं. मी भेटायला आले की तू नाही म्हणायचास, मला वाटायचं रागाने. तुला भीती होती, समोर आले तर तोंडातून निघेल.

मी तुझी बहीण आहे म्हणून माझं ऐकायचं तुझं काम आहे, तुझं ऐकायचं माझं नाही. लहानपणापासून असंच आहे. आताही असंच राहील. सोमवारी जाऊन आले की लिहीन.

ताई


३० मे

बारक्या,

हे चौकीतून लिहितेय. कागद इथल्या बाई हवालदाराने दिला. बरी आहे, जाड आहे, तिचेही गुडघे दुखतात.

जबाब झाला. आता तिथल्या साहेबांनी वाचला तरी चालेल, इथे आधीच लिहून दिलंय. मुकादमाला मी मारलं. माझ्या हातोडीने. त्याने पोरीची वेणी हाताला गुंडाळली होती आणि तिला गुडघ्यावर फरफटत नेत होता. तिचा तुटका हात खडीवर घासत होता. मी हातोडी फेकली. तो खाली बसला, मग आडवा झाला. त्यानंतर गर्दी त्याच्यावरून गेली. हातोडी गेटजवळच्या पिंपांच्या मागे पडली होती. दुसऱ्या दिवशी उचलली, धुतली आणि कामाला बसले. माझी मूठ तिला बसलेली आहे, दुसरी चालत नाही.

कोर्टात तो फोटो लावला तेव्हा मी मनात म्हटलं, चला, माझी लागली नव्हती. याची लागली. देवाशप्पथ, मला बरं वाटलं. खांद्यावरची गोणी उतरवल्यासारखं. म्हणून तर एवढ्या मोठ्याने म्हणाले, "मारतोय." मी फोटोवर विश्वास नाही ठेवला बारक्या, मी फोटोला मिठी मारली.

स्टुडिओवाल्याचा तो पुढचा फोटो, कामाचा नाही म्हणाले होते तो. कडेला एक हात आहे, पुढे ताणलेला, बोटं उघडलेली. तोंड दिसत नाही. बाहीवर माझं ठिगळ आहे, तुझ्या जुन्या शर्टाचं. त्याने तो मला दाखवला आणि म्हणाला, "बाई, एक बाहेर काढलात तर दुसराही निघेल. विचार करा." एकोणीस दिवस विचार केला. कामावर गेले, फोटो काढले. चांगले आले. लाज वाटते सांगायला, पण चांगले आले.

इथल्या साहेबांचा आधी विश्वासच बसेना. म्हणाले, भावाला सोडवायला बोलताय. बाईमाणूस एवढ्या लांबून हातोडी फेकून माणूस मारेल? माझं डोकंच तापलं. मी म्हटलं, चला यार्डात.

गेले सगळे. साहेब, हवालदारीण, वकील, स्टुडिओवाला त्याची मोजणी घेऊन, आणि कामावरची सगळी माणसं गेटला टेकून. साहेबांनी मुकादमाच्या जागेवर पिंप ठेवलं आणि त्यावर खडूने गोल काढला, डोक्याएवढा. मला माझ्या जागेवर उभं केलं. नऊ पावलं भरली. तसल्याच वजनाची हातोडी हातात दिली. वेणीवाली पोर पहिल्या रांगेत होती, तिने तोंड फिरवलं. मी कोपर मागे घेतलं, श्वास सोडला.

गोलाच्या मधोमध. पिंपाला पोचा पडला आणि आवाज पार रस्त्याच्या टोकापर्यंत गेला असेल. कटरवाली वहिनी तेवढी "अगं आई गं" म्हणाली.

वकील म्हणतो, दोन महिन्यांत तुझी सुनावणी लागेल. माझं वेगळं चालेल. रागाच्या भरात झालं, गर्दीत झालं, पोरीला वाचवताना झालं, असं तो मांडणार आहे. मांडू दे. त्याचा धंदा आहे. साहेबांनीही तसंच लिहिलं, "रागाच्या भरात हातातली वस्तू भिरकावली," आणि मला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर? मी सही केली. नेम धरला होता का, असं मला कुणी विचारलं नाही.

तू विचारणार नाहीस, तुला माहीत आहे. पण तू तरी माझ्या तोंडून ऐक. धरला होता.

ताई